सुपारी लागते ती अशी!

दिवाळीच्या अंकात दुखण्याखुपण्याच्या गोष्टी कशाला, असे म्हणून जे वाचक हे पान उलटणार असतील त्यांना माझी एक विनंती आहे. त्यांनी आधी आपल्याच बैठकीच्या खोलीत डोकावून यावे. फराळाच्या बशा आत गेल्या असतील, पाहुणे लोडाला टेकले असतील आणि मधोमध पानाचे तबक आले असेल. पाने, चुन्याची डबी, कात, लवंगा, वेलदोडे, सुपारीची खांडे आणि कोणा हौशी काकांच्या हातात करकर वाजणारा अडकित्ता. आता विचारा की, या तबकातले वाईट काय? उत्तर ठरलेले आहे. "तंबाखू वाईट हो! बाकी काय, सुपारीच तर आहे!"

माझा सगळा लेख या "सुपारीच तर आहे" विषयी आहे.

आपल्या भाषेत आणि आपल्या घरात या फळाइतके मानाचे फळ दुसरे नाही. लग्न ठरले की सुपारी फुटते, गोंधळी-वाजंत्री ठरवायचे तर सुपारी द्यावी लागते. (पुढे गुंडांनीही हा शब्द उचलला, त्याला सुपारीचा इलाज नाही.) अवघड काम अंगावर घेणारा विडा उचलतो. हळदीकुंकवाला आलेली सवाष्ण पानसुपारीवाचून परत जात नाही. आणि कोणतेही मंगलकार्य असो, गुरुजी आधी तांदळाच्या राशीवर एक सुपारी ठेवतात आणि क्षणात ती गणपती होते. देवाची जागा घेणारी वस्तू माणसाचा घात करील हे कोणाच्या मनात येणार? पण पूजेतली सुपारी आपण खात नाही, हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ती बहुधा डब्यात जाऊन पुढच्या पूजेची वाट पाहते.

मी डॉक्टर नव्हे. परंतु मुंबईतल्या एका दंत-रुग्णालयात तीस वर्षे केसपेपर लिहिण्याचे काम केले. नाव, वय, गाव, तक्रार आणि "काय खाता?" हे रकाने भरता भरता बायका-पुरुषांची इतकी तोंडे पाहिली की, माणूस "आ" करताना किती अडखळतो यावरून डॉक्टर काय लिहिणार याचा अंदाज येऊ लागला. ही विद्या आपल्याच नात्यात वापरावी लागेल असे मात्र वाटले नव्हते.

आमच्या वन्सं कळंबला असतात. कळंब म्हटले की पुष्कळांना धाराशिवकडचे कळंब आठवते. हे यवतमाळ जिल्ह्यातले, चिंतामणीचे कळंब. यवतमाळहून नागपूरकडे निघाले की वाटेतच लागते. तिथल्या गणपतीला भेटायचे तर वर चढून नव्हे, पायऱ्यांनी जमिनीच्या पोटात उतरून जावे लागते. समोर कुंड आहे आणि काही वर्षांनी त्या कुंडाचे पाणी आपोआप चढून देवाच्या चरणांना लागते अशी लोकांची श्रद्धा आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून वन्संचा आग्रह होता की, आता तरी भाऊबीजेला यायलाच हवे. तेव्हा गेल्या दिवाळीत आम्ही उभयता गेलो.

वन्संचा हात फराळाला फार चांगला. पानात पहिल्यांदा बेसनाचा लाडू पडला आणि माझे लक्ष भाच्याकडे गेले. वय वर्षे तेवीस, अंगाने उभा आणि दणकट. त्याने लाडू उचलला, ताटात ठेवून अंगठ्याने फोडला, त्याचा पार भुगा केला आणि चिमटीचिमटीने तोंडात टाकला. चकलीचेही तेच, आधी तुकडे, मग तुकड्यांचे तुकडे. दुसऱ्या दिवशी पाटवडीचा झणझणीत रस्सा झाला. विदर्भातला मुलगा, त्याने तो ओरपायचा की नाही? त्याने रश्श्यात वाटीभर दही ओतले आणि तरीही डोळ्यांत पाणी आणून जेवला.

"अलीकडे याला तिखटच सोसत नाही बाई," वन्सं म्हणाल्या, "नोकरीच्या जागी मेसचं मिळमिळीत खाऊन सवय गेली."

मी काही बोलले नाही. जेवणे झाल्यावर त्याला अंगणात बोलावले आणि म्हटले, "तीन बोटं उभी धर आणि दातांच्या मध्ये घाल बघू."

तो हसला. दोन बोटे गेली, तिसरे काही जाईना. खालचा ओठ ओढून पाहिला तर आतली गुलाबी कातडी फिक्कट, काही ठिकाणी संगमरवरासारखी पांढुरकी दिसत होती. गालाला आतून बोट लावले तर उभ्या दोऱ्या ताणून बसवाव्या तसे काहीतरी हाताला लागले.

"किती खातोस रोज?"

"कधीमधी, मामी. पोरांसोबत."

"मी आईला विचारत नाहीये. तुला विचारतेय."

"चार होतात," तो खाली बघत म्हणाला. मग घाईघाईने, "पण तंबाखू नावाला असते हो त्यात. सगळी सुपारीच तर असते!"

तो बोलत होता ते खर्ऱ्याविषयी. पुण्या-नगरकडे ज्याला मावा म्हणतात त्याचाच हा वऱ्हाडी-नागपुरी भाऊ. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. संध्याकाळी त्याच्याबरोबर मीच पानठेल्यावर गेले. (आपल्याकडे पानपट्टी किंवा पानाची गादी, तिकडे पानठेला.) ठेलेवाल्याने प्लास्टिकच्या पन्नीवर सुपारीचा मूठभर भरडा घेतला. त्यावर तंबाखू, त्यावर डबीतला ओला चुना. पन्नी दुमडली आणि फळीवर ठेवून तळहाताने घोटायला सुरुवात केली. जोर लावून, लयीत, कणीक मळावी तसे. सुपारी गरम झाली, चुना तिच्यात मुरला, रंग बदलला. मग पन्नीची पुडी वळून वर रबर चढवले आणि खर्रा तयार झाला! गिऱ्हाईक ती पुडी खिशात टाकते आणि दिवसभर चिमूटचिमूट तोंडात सोडत राहते. विडा खाऊन संपतो, खर्रा संपत नाही. गालाच्या एका कोपऱ्यात तो मुक्कामालाच असतो.

"ह्यात तंबाखू किती टाकतोस रे?" मी विचारले.

"तंबाकू चिमूटभर, मावशी. पैसे सारे सुपारीचेच हायत जी," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

भाच्याचा बचाव आणि ठेलेवाल्याचा हिशेब तंतोतंत जुळला. आणि तोच तर वांध्याचा मुद्दा होता.

तंबाखूची बदनामी होऊन आता पुष्कळ वर्षे झाली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे दार १९४१ साली उघडले आणि तिथे विकृतिशास्त्राचे काम डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आले. या मराठी माणसाने १९४४ साली मुखकर्करोगाच्या ओळीने आलेल्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. कोण कुठल्या प्रांताचा, कोण काय चघळतो, तो तोबरा तोंडाच्या कोणत्या कोपऱ्यात धरतो आणि गाठ कुठे उठते, याची त्यांनी सांगड घातली. बिहारकडचा माणूस तंबाखू-चुना खालच्या ओठात धरतो, त्याचा रोग ओठाच्या खाचेत येतो. आंध्राच्या किनाऱ्यावर जळते टोक तोंडात धरून चिरूट ओढतात, त्यांच्या टाळूला येतो. आपल्याकडे पान-तंबाखूचा तोबरा गालात, तर रोगही गालात. रोग जातीपातीवर नाही, सवयीवर जातो, हे त्यांनी ऐंशी वर्षांपूर्वी दाखवून दिले.

पण सुपारीवर सरळ बोट रोखले जायला फार वेळ लागला. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेत स्थायिक झालेल्या पाच भारतीय स्त्रियांचे एक विचित्र दुखणे नोंदवले. त्यांच्या तोंडाचे अस्तर कडक होत होते आणि तोंड उघडेनासे झाले होते. लगोलग, १९५३ च्या सुमारास, मुंबईतले कान-नाक-घशाचे डॉक्टर एस. जी. जोशी यांनी आपल्या रुग्णांतही हेच पाहिले आणि त्याला नाव दिले. तेच आज जगभर चालते, सबम्यूकस फायब्रोसिस. म्हणजे तोंडाच्या नाजूक अस्तराखाली चिवट तंतूंचा थर साचणे. कारण कोणते ते मात्र तेव्हा कळेना. तपासाची दिशा बराच काळ मिरचीकडे होती! हिंदी माणूस तिखट खातो म्हणून त्याचे तोंड आंबले, असा तो तर्क. पुढे दिसून आले की, तिखट खाणाऱ्या पण सुपारी न खाणाऱ्या माणसांत हा रोग जवळजवळ सापडत नाही, आणि तंबाखूला कधी न शिवलेल्या, नुसती सुपारी चघळणाऱ्या बायकांत तो सापडतो. मिरची सुटली, सुपारी सापडली.

ती करते काय, ते जमेल तसे सांगते. सुपारीत अ‍ॅरिकोलीन नावाचे एक द्रव्य आहे. कच्ची किंवा जोरकस सुपारी खाल्ल्यावर अंग गरम होते, कपाळाला घाम येतो, छातीत धडधडते, गरगरते. आपण म्हणतो, "सुपारी लागली" आणि थंड पाणी देतो. ते लागणे म्हणजे या द्रव्याचे काम. थोडे असले तर तरतरी, फार झाले तर भोवळ. चहा, दारू आणि तंबाखू यांच्या खालोखाल जगात सर्वांत जास्त खपणारा कैफ सुपारीचाच मानतात. तो घेणाऱ्यांची संख्या साठ कोटींच्या घरात धरली जाते. चुना लावला की हे द्रव्य लवकर मोकळे होऊन अस्तरात शिरते. आत गेले की ते तंतू तयार करणाऱ्या पेशींना डिवचते. त्या जास्त तंतू विणतात. सुपारीतल्या कषाय द्रव्यांमुळे तंतू पक्के होतात, चामडे कमवावे तसे, आणि सुपारीत मुबलक असणारे तांबे त्या विणीला आणखी गाठी मारते. विणणे वाढते, उसवणे थांबते. शिवाय भरड सुपारीची खरखर रोज त्याच जागी घासत असतेच. प्रथम तिखट झोंबते. मग अस्तर पांढरे पडते. शिट्टी वाजेना होते, फुगा फुगवता येईना होतो. जीभ बाहेर निघत नाही. शेवटी घास जाण्याइतकेही तोंड उघडत नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी म्हटले असते की, बरे झाले, चहाडखोरांची तोंडे मिटली. पण या आवळलेल्या अस्तरावर पुढे कर्करोग उठू शकतो. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात अशा रुग्णांवर सतरा वर्षे नजर ठेवली गेली तेव्हा शेकडा साडेसातांना तो झाल्याचे दिसले. फ्रान्समधल्या ल्यों येथे जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगाच्या कारणांचा निवाडा करणारी संस्था आहे. तिने १९८५ साली तंबाखू घातलेल्या विड्याला दोषी ठरवले आणि बिनतंबाखूच्या विड्याविषयी पुरावा अपुरा म्हणून सोडून दिले. २००४ साली प्रसिद्ध केलेल्या निवाड्यात मात्र ती सूट काढून घेतली. तंबाखूविना विडाही माणसात कर्करोग करतो आणि नुसती सुपारीही, असे तिने स्वच्छ लिहिले. पानाचे नाव वेगळ्याने आरोपपत्रात नाही, हे पानाच्या भक्तांनी जरूर ध्यानात घ्यावे. रामटेकच्या पानमळ्यांशी माझे वैर नाही.

तुम्ही म्हणाल, आमचे आजोबा जन्मभर पान खाऊन नव्वदीत गेले. माझेही गेले! परंतु आजोबांचे पान आणि नातवाची पुडी यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. आजोबांचे पान जेवणानंतर, पंगतीत, तबक पुढे आले म्हणजे. त्यात पान मोठे आणि सुपारी बेताची. त्रयोदशगुणी विड्यात तेरा वस्तू असतात, सुपारी त्यांतली एक. आपल्या वैद्यकानेही विड्याचे गुण गाताना आडवा हात मारलेला नाही. जखम असलेल्याने, रक्तपित्ताच्या रोग्याने, डोळे आलेल्याने आणि क्षयाने सुकलेल्याने तांबूल खाऊ नये, असे वाग्भटाने सांगून ठेवले आहे. त्या तबकाला वेळ होती, पथ्य होते, वडीलधाऱ्यांसमोर विद्यार्थ्याने पान खायचे नाही ही मर्यादा होती. पानमसाला आणि गुटखा पुडीत आला आणि या सगळ्यावर बोळा फिरला. पुडीला ना वेळ ना पंगत. ती दप्तरात मावते. पूर्वी पिकल्या वयात दिसणारे हे दुखणे त्यानंतर विशी-पंचविशीच्या मुलांत दिसू लागले, हे मी माझ्या रकान्यांतून पाहिले आहे. वयाचा आकडा लिहिताना हात थांबायचा. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातले डॉ. हजारे आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ साली मध्य भारतातल्या अशा १,००० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत एका स्त्रीमागे जवळजवळ पाच पुरुष होते. आफ्रिकेतल्या त्या पाच बायकांपासून रोगाने किती लांबचा पल्ला गाठला पाहा.

महाराष्ट्रापुरते सांगायचे तर २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत राज्यातली शेकडा २४.४ प्रौढ माणसे धूर न काढता तंबाखू घेत होती, ओढणारी केवळ ३.८. आपला प्रश्न धुराचा नाहीच, तोबऱ्याचा आहे. आणि बायका यात नाहीत असेही नाही. मिश्री लावणाऱ्या, तपकिरीने दात घासणाऱ्या आयाबहिणी त्या आकड्यात आहेत.

कायद्याचे म्हणाल तर तो झोपलेला नाही, डुलक्या घेतो. महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली, ती न्यायालयात टिकली नाही. २०१२ च्या जुलैत नव्या अन्नसुरक्षा कायद्याच्या आधाराने पुन्हा घातली आणि पुढे सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा, मावा यांनाही त्या यादीत घेतले. कागदोपत्री खर्रा या राज्यात नाही. मी तो कळंबला भरदिवसा घोटताना पाहिला. ही कळंबची निंदा नव्हे. कोणत्याही गावच्या बसस्थानकावर उभे राहा. पापुआ न्यू गिनी देशाच्या राजधानीत, पोर्ट मोर्स्बीला, २०१३ साली सुपारीच्या विक्रीवर बंदी आणली होती, तिथेही ती चोरवाटांनी येतच राहिली. शेजारच्या गडचिरोलीत वेगळी वाट धरली गेली. डॉ. अभय बंग यांची 'सर्च' संस्था आणि शासन यांनी २०१६ पासून 'मुक्तिपथ' नावाने काम सुरू केले. त्यात गावानेच बसून ठरवायचे की, आमच्या गावात दारू आणि खर्रा विकायचा नाही, आणि मग बायकांनीच त्यावर पहारा ठेवायचा. शिपायापेक्षा शेजारीण कडक असते, हे कोणाला नव्याने सांगायला नको!

आता पुन्हा भाच्याकडे येते. त्याची सवय कुठून लागली ते त्यानेच सांगितले. खर्रा कॉलेजात आला, परीक्षेच्या जागरणात. पण त्याआधी शाळेत असताना गोड सुगंधी सुपारीच्या पुड्या होत्या. आणि त्याआधी? त्याआधी घरातली बडीशेप-सुपारीची डबी. जेवण झाले की पोराच्या तळहातावर चमचाभर पडायची. वन्सं हे ऐकत दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण रात्री फडताळातली ती पितळी डबी मोरीवर घासून पालथी पडलेली मी पाहिली. त्यांना दोष कसा द्यावा? मुलाला विष देतो आहोत असे कोणत्या आईला वाटेल? गोड, रंगीत, वासाची सुपारी अजूनही मुलांच्या हाती पडते आणि तिच्या पुडीवर तंबाखू नाही, हेच मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते.

पैशाचा हिशेब त्याच्या बाबांनी मांडला. तीस रुपयांना एक, रोज चार. म्हणजे १२० रुपये. वर्षाचे ४३,८००. बाबा कागदाकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सोयाबीन विकून माझ्या हाती राहतात त्याच्याशी ताडून पाहू नका आता कोणी."

दुसरी गोष्ट जास्त अवघड होती. माघात त्याचा साखरपुडा ठरला होता. मुलीकडच्यांना सांगायचे की नाही, यावर घरात दोन दिवस कुजबुज चालली. मोठ्यांचे मत पडले की, आधी बरा होऊ द्या, मग पाहू. त्याने मात्र कोणाला न विचारता मुलीला फोन केला. मुलगी औषधशास्त्र शिकलेली. तिने काय म्हणावे? रडली नाही, रागावली नाही. तिने विचारले, "तोंड किती मिलिमीटर उघडतं?"

त्याला ते माहीत नव्हते. तेव्हा भाऊबीजेनंतरच्या सोमवारी मी त्याच्याबरोबर वर्ध्याकडच्या एका दंत-दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये पट्टी धरली. २४. चांगल्या माणसाचे चाळिसाच्या आसपास भरते. डाव्या गालात आत एक पांढरा चट्टा होता, त्याचा कण काढून तपासायला पाठवला. तो अहवाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत वन्सं रोज पहाटे चिंतामणीच्या पायऱ्या उतरत होत्या आणि भाचा, कधी नव्हे तो, त्यांच्यामागे गुपचूप जात होता. अहवालात कर्करोग नव्हता. "आज नाही," असे बाईंनी मुद्दाम म्हटले.

उपचार कोणते, हे वाचकांपैकी पुष्कळांना हवे असेल. पहिला आणि ज्याच्यावाचून बाकीचे व्यर्थ, तो म्हणजे सुपारी बंद. कमी नव्हे, बंद. पुष्कळांचे इथेच अडते, कारण चिडचिड होते, डोके दुखते, काम सुचत नाही. त्याला तीन आठवडे हेच झाले. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची विनाशुल्क फोनसेवा आहे, १८००-११-२३५६. त्याने ती वापरली. पलीकडचा माणूस ओरडत नाही एवढाच तिचा गुण त्याने सांगितला, पण तो काही लहान नाही. गालाच्या आत औषधाची इंजेक्शने दर आठवड्याला असत, तीही बरीच दुखणारी. काही गोळ्या असत. शिवाय जेवणात हिरव्या भाज्या, टोमॅटो, फळे. तिखट अगदी बेताने. फारच आवळलेल्या तोंडाला शस्त्रक्रिया करून ते पट्टे कापतात, पण त्यानंतरही व्यायाम चुकवला तर तोंड पुन्हा मिटते. साचलेले तंतू पूर्ववत विरत नाहीत. जे गेले त्यातले थोडे परत येते, एवढेच.

आणि व्यायाम म्हणजे काय? आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या. जेवढ्या दातांमध्ये बसतील तेवढ्या एकावर एक रचून बसवायच्या, थोडा वेळ तोंड ताणून धरायचे, दिवसातून चार-पाच वेळा, आणि जमेल तशी मध्ये एक काडी वाढवायची. पहिल्या दिवशी बारा काड्या गेल्या. डोळ्यांत पाणी आले. त्याने आरशाला कागद डकवला आहे, त्यावर तारीख आणि काड्या.

घरच्या घरी पाहण्याची खूण मी वर सांगितलीच आहे, तरी पुन्हा लिहिते. फराळाच्या वेळी करायला सोपी आहे. आपली स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जातात का पाहावे. अस्तर पांढुरके दिसते का, गालात दोरी लागते का, तिखट आधीपेक्षा जास्त झोंबते का, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण किंवा न जाणारा पांढरा-तांबडा चट्टा आहे का, हे उजेडात बघावे. असेल तर दंतवैद्याकडे जावे. हे दुखत नाही म्हणून राहून जाते. जगातल्या मुखकर्करोगाच्या नव्या रुग्णांपैकी एकतृतीयांशाहून जास्त आपल्या देशातले आहेत, आणि पुष्कळसे उशिरा आलेले असतात. माझ्या केसपेपरात "किती दिवसांपासून?" या रकान्यात "सहा महिने" हे उत्तर इतक्यांदा आले आहे की, पेन आपोआप तसे लिहायचे.

साखरपुडा माघातच झाला. गुरुजींनी फोडायला सुपारी पुढे केली तेव्हा मांडवात सगळ्यांच्या नजरा एकमेकांना भिडल्या. मुलीच्या वडिलांनी अडकित्ता घेतला, रीतीप्रमाणे सुपारी फोडली, आणि खांडे कोणाच्याही तळहातावर न ठेवता तशीच ताटात राहू दिली. पाहुण्यांना विड्याऐवजी बडीशेप आणि खडीसाखर दिली. एक-दोन बुजुर्ग कुरकुरले. चालायचेच.

या आश्विनात पट्टीवर ३१ आले. चाळीस होणार नाहीत असे डॉक्टरीणबाईंनी त्याला सांगून टाकले आहे आणि गालातला तो चट्टा दर तीन महिन्यांनी दाखवायचा आहे. पुढची तारीख तुळशीच्या लग्नानंतरची आहे. लाडू तो अजून फोडूनच खातो, पण भुगा करीत नाही. दोन तुकडे पुरतात. कागदावर परवाची नोंद पंधरा काड्यांची आहे. सोळावी अजून जात नाही.